कॅस९ स्वतःच्याच जनुकाला का आवरतं? एक यंत्रणा आणि तीन ‘का’

समजा, पीएचडीच्या मुलाखतीत तुम्हाला विचारलं, "फेजपासून वाचवणारी एवढी अचूक क्रिस्पर यंत्रणा जिवाणूंकडे आहे, तर ते ती सतत पूर्ण जोरात का चालवत नाहीत?" तुम्ही बहुधा म्हणाल, "ऑटोइम्युनिटी टाळायला." पॅनेलवरचे सर मान डोलावतील आणि पुढचा प्रश्न टाकतील, "हे कशावरून?" इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. कारण हे उत्तर आपण कुठल्यातरी रिव्ह्यूमधून उचललेलं असतं. त्यामागचा प्रयोग पाहिलेला नसतो.

आज अशाच एका प्रयोगाची उलटतपासणी करू. पेपर २०२१चा, ‘सेल’मधला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जोशुआ मोडेल यांच्या लॅबमधून आलेला. पहिल्या लेखिका रेचल वर्कमन. माझं मत आधीच सांगायचं तर, नियंत्रण ‘कसं’ होतं हे दाखवण्यात हा पेपर अव्वल आहे. ते ‘का’ होतं हे मात्र पेपर सुरू होतानाच गृहीत धरलेलं आहे, आणि पुरावा तिथपर्यंत पूर्ण पोचत नाही. चांगल्या पेपरमध्येही असं होतं, आणि ते ओळखता येणं ही संशोधनाच्या तयारीतली फार कामाची गोष्ट आहे.

थोडी उजळणी

फेज म्हणजे जिवाणूंवर वाढणारा विषाणू. फेज पेशीत शिरला की काही जिवाणू त्याच्या डीएनएचा छोटा तुकडा कापून आपल्या क्रिस्पर रांगेत ठेवतात. हा तुकडा म्हणजे स्पेसर. पुढे या स्पेसरवरून छोटा आरएनए बनतो आणि तो कॅस९ या प्रथिनाला वाट दाखवतो. जुळणारा डीएनए दिसला की कॅस९ तो कापतं. स्पेसर मिळवून जिवाणू फेजपासून वाचतो, हे २००७ साली प्रयोगानं सिद्ध झालं, तेही दही-योगर्टच्या विरजणात असणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसमध्ये. डेअरीवाल्यांना फेजचा त्रास आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून माहीत होता.

कॅस९ला स्पेसरच्या आरएनएबरोबर आणखी एक आरएनए लागतो, तो ट्रेसर आरएनए. २०११ साली स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसमध्ये तो सापडला, तेव्हाच दिसलं होतं की तो दोन लांबीचा बनतो: एक १७१ अक्षरांचा, दुसरा ८९ अक्षरांचा. संरक्षणाच्या कामाला आखूड रूप पुरतं. मग लांब रूप कशासाठी? हा प्रश्न प्रकाशित माहितीत जवळजवळ दहा वर्षं तसाच पडून होता. ‘आता या विषयात करण्यासारखं काय उरलंय’ असं वाटणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पेपर काय दाखवतो

लांब ट्रेसर स्वतःभोवती असा दुमडतो की त्याला स्पेसरच्या आरएनएची गरजच उरत नाही. त्याचं एक टोक वाट दाखवायचं काम करतं आणि उरलेला भाग कॅस९ला धरून ठेवतो. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दोन आरएनए जोडून ‘सिंगल गाइड’ तयार केला आणि जीन एडिटिंगचं युग सुरू झालं. तसाच एकसंध गाइड जिवाणूकडे आधीपासून होता.

हा नैसर्गिक गाइड कॅस९ला कुठे नेतो? थेट कॅस जनुकांच्या प्रमोटरवर. म्हणजे जिथून कॅस९ची निर्मिती सुरू होते, तिथेच कॅस९ जाऊन बसतं. पण गाइड आणि प्रमोटर यांच्यातला जुळणारा भाग आखूड आहे. कापायला लागते तेवढी लांबी त्यात नाही. त्यामुळे कॅस९ तिथे चिकटतं, पण कापत नाही. आरएनए पॉलिमरेजची वाट अडते आणि कॅस जनुकं दबून राहतात. कॅस९ वाढलं की दाब वाढतो, कमी झालं की दाब सुटतो.

लांब ट्रेसर काढून टाकला की हा दाब जातो, कॅस जनुकं जोरात चालू होतात आणि फेजविरुद्ध नवी प्रतिकारशक्ती मिळवण्याचा दर ३,००० पट वाढतो. त्याचबरोबर ऑटोइम्युनिटीचा त्रासही वाढतो, म्हणजे यंत्रणा स्वतःच्याच पेशीला घातक ठरायला लागते. शेवटी जनुकसंचांच्या संगणकी तुलनेतून लेखक दाखवतात की टाइप II-ए प्रकारच्या क्रिस्पर यंत्रणांमध्ये असं स्वनियंत्रण बऱ्याच ठिकाणी असावं.

मला या पेपरची सर्वात पटलेली बाजू म्हणजे लांब आणि आखूड ट्रेसर वेगळे करणं. अख्खा ट्रेसर काढला तर संरक्षणच बंद पडतं, मग नियंत्रणाबद्दल काहीच बोलता येत नाही. फक्त लांब रूप काढलं की हत्यार शाबूत राहतं आणि लगाम तेवढा जातो. तुमच्या रेणूची दोन कामं असतील, तर ती दोन म्युटंटमध्ये वेगळी करता येतील का, हा विचार प्रपोजल लिहितानाच करायला हवा.

३,००० पट म्हणजे किती?

हा आकडा मथळ्यात शोभतो. पण ‘इतके पट’ असं दिसलं की आधी विचारा, कशाच्या पट? नवा स्पेसर मिळणं ही मुळातच दुर्मीळ घटना असते. केवळ गणितासाठी धरू की साधारण एक कोटी पेशींमागे एखाद्या पेशीला तो मिळतो. मग ३,००० पट म्हणजे सुमारे ३,३०० पेशींमागे एक. वाढ प्रचंड आहे, पण बाकीच्या पेशी फेजपुढे अजून उघड्याच आहेत. ‘लगाम काढला की जिवाणू अजिंक्य होतो’ असं या आकड्यावरून म्हणता येणार नाही.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. प्रतिकारशक्ती मिळालेली पेशी आपण मोजतो ती जिवंत राहिलेली पेशी. तिनं दोन टप्पे पार केलेले असतात: आधी स्पेसर मिळवणं, मग त्या स्पेसरच्या जोरावर फेज वेळेत कापणं. कॅस९ जास्त असेल तर दोन्ही टप्पे सुधारू शकतात. तेव्हा एकत्रित आकडा दिसला की त्यात कोणत्या टप्प्याचा वाटा किती, हे सांगणारी आकृती शोधायची. ती सापडली तरच आकड्याचा अर्थ लागतो.

तिसरा मुद्दा पेशीचा. यंत्रणा स्ट्रेप्टोकॉकसची आहे, पण फेजविरुद्धचे बरेचसे प्रयोग ती प्लाझ्मिडवर घालून स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये केलेले आहेत. यात गैर काही नाही. या क्षेत्रातली ती रुळलेली पद्धत आहे आणि तिथे चांगले फेज हाताशी असतात. पण अशा प्लाझ्मिडच्या पेशीत एकापेक्षा जास्त प्रती असतात. यंत्रणेची मात्रा बदलते. ‘कसं’ या प्रश्नाला त्यानं फारसा धक्का लागत नाही. ‘किती त्रास होतो’ या प्रश्नाला मात्र लागतो, कारण त्रास मात्रेवरच अवलंबून आहे.

त्रास होतो म्हणून कारण तेच?

आता मूळ आक्षेप. या पेपरचा सारांश ज्या वाक्यानं सुरू होतो, त्याचा आशय असा: ऑटोइम्युनिटी टाळण्यासाठी या यंत्रणांचं नियमन कसं होतं, ते नीट माहीत नाही. वाक्य पुन्हा वाचा. ‘कसं’ माहीत नाही असं म्हणता म्हणता ‘कशासाठी’ हे ठरूनही गेलं. नंतर लगाम काढल्यावर ऑटोइम्युनिटी वाढलेली दिसली की वर्तुळ पूर्ण झाल्यासारखं वाटतं.

घरगुती उदाहरण घ्या. मागच्या दाराची कडी काढली. रात्री वारा सुटला आणि दार धाडधाड आपटायला लागलं. निरीक्षण खरं आहे: कडी काढल्यानं दार आपटतं. पण म्हणून कडी ‘दार आपटू नये म्हणून’ बसवली होती का? ती चोरासाठी होती. आपटणं थांबवणं हा तिचा खराखुरा परिणाम आहे, पण बसवण्याचं कारण वेगळं आहे.

एखादा भाग काढला आणि नुकसान झालं, तर त्या भागाचा एक परिणाम कळतो. उत्क्रांतीत तो भाग कशामुळे टिकला, हे तेवढ्यानं कळत नाही. आणि संगणकी तुलनेनं हा प्रश्न सुटत नाही. स्वनियंत्रण अनेक जातींत आढळलं तर निसर्गानं ते काहीतरी कामासाठी राखलंय एवढं म्हणता येतं. ते काम कोणतं, यावर ती तुलना गप्प असते.

शिवाय एक साधी शंका उरतेच. फक्त कॅस९चं प्रमाण कमी ठेवायचं असेल तर कमजोर प्रमोटर पुरला असता. त्यासाठी १७१ अक्षरांचा खास आरएनए आणि स्वतः कॅस९लाच पहाऱ्यावर बसवण्याचा खटाटोप कशाला?

तीन वर्षांनी आलेला दुसरा ‘का’

२०२४ साली याच लॅबचा पुढचा पेपर ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये आला आणि नेमकी ही शंका कामी आली. फेजकडेही उलट हत्यारं असतात: अँटी-क्रिस्पर प्रथिनं. २०१३ साली ती पहिल्यांदा सूडोमोनास एरुजिनोसाच्या फेजमध्ये सापडली. यातली काही प्रथिनं कॅस९ला डीएनएवर बसूच देत नाहीत.

आता जोडून पाहा. कॅस९ हे हत्यारही आहे आणि स्वतःच्या निर्मितीवरचा दाबही. फेजनं कॅस९ निकामी केलं की दाबही निकामी होतो. प्रमोटर मोकळा होतो आणि कॅस९चं उत्पादन एकदम उसळतं. पेपर दाखवतो की ही उसळी फेजच्या एकाच संसर्गचक्रात, म्हणजे पेशी फुटण्याआधी येते. त्यामुळे कमी पेशी मरतात, आणि संसर्गाच्या अनेक फेऱ्यांनंतर हा फायदा डोळ्यांत भरण्याइतका होतो. फेज जिवाणूच्या जनुकसंचात दडून बसण्याचं प्रमाणही घटतं.

ही लढाई संख्येची असते, हे २०१८ साली ‘सेल’मध्येच आलेल्या दोन पेपरनी दाखवलं होतं: एकट्यादुकट्या फेजचं अँटी-क्रिस्पर पुरत नाही, पहिले फेज मरतात पण पेशीला कमजोर करून जातात आणि मागून येणाऱ्यांचं फावतं. अशा लढाईत वेळेवर आलेली कॅस९ची कुमक निर्णायक ठरू शकते.

म्हणजे यंत्रणा तीच, पण ‘का’ बदलला. पहिल्या पेपरात कॅस९ स्वतःला आवरतं ते स्वतःच्या पेशीला जपायला. दुसऱ्यात ते आवरणं हीच धोक्याची घंटा आहे. दारावर बसलेला पहारेकरी पाडला की घंटा वाजते. कमजोर प्रमोटरला हे जमलं नसतं. म्हणून ‘कॅस९च का?’ या शंकेचं उत्तर दुसरा ‘का’ जास्त चांगलं देतो.

आणि तिसरा

तिसरा ‘का’ क्रिस्परच्या बाहेरून येतो. स्वतःच्याच जनुकाला दाबणारी प्रथिनं जीवशास्त्रात जुनी आहेत. २००० साली दिसलं की अशा फीडबॅकनं पेशी-पेशींमधला फरक कमी होतो. २००२ साली दिसलं की त्यानं प्रथिन आपल्या ठरलेल्या पातळीवर लवकर पोचतं, कारण सुरुवातीला प्रमोटर पूर्ण जोरात चालतो आणि पुरेसं झालं की आपोआप आवरतं घेतो.

आता कल्पना करा, क्रिस्पर यंत्रणा एका जिवाणूतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूत गेली. तिथे सुरुवातीला कॅस९ शून्य. लगाम नाही, म्हणून उत्पादन जोरात. मग पातळी येते आणि लगाम बसतो. नव्या घरात स्वतःची सोय स्वतः करणारी यंत्रणा. २०२१च्या पेपरच्या सारांशात शेवटी हीच दिशा सुचवली आहे: स्वतःचं नियंत्रण बरोबर घेऊन फिरल्यामुळे या यंत्रणांचं एका जातीतून दुसरीत जाणं सोपं होत ‘असावं’. हा ‘असावं’ लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलेला आहे. पुढे इतर लोक तो पेपर उद्धृत करताना बहुतेक वेळा पहिला गळतो तो हाच शब्द.

तिन्ही ‘का’ एकमेकांना खोडत नाहीत. तिन्ही थोडे थोडे खरे असू शकतात. पण ते वेगवेगळी भाकितं करतात, म्हणून त्यांची परीक्षा घेता येते.

परीक्षा कशी घ्यायची

एक प्रयोग कागदावर मांडू. लांब ट्रेसर काढलेला जिवाणू घ्या आणि त्याला असा कमजोर, न बदलणारा प्रमोटर द्या की कॅस९चं प्रमाण नैसर्गिक जिवाणूइतकंच राहील. आता नैसर्गिक आणि बदललेला असे दोन्ही एकाच फ्लास्कमध्ये वाढवून स्पर्धा लावा.

फेज नसताना दोघं सारखेच वाढले, तर त्रासाच्या दृष्टीनं फक्त प्रमाण महत्त्वाचं, स्वनियंत्रण असण्या-नसण्यानं फरक पडत नाही. मग साधा फेज सोडा. मग अँटी-क्रिस्पर असलेला फेज सोडा. फक्त शेवटच्या फेरीत नैसर्गिक जिवाणू जिंकला, तर घंटेचं पारडं जड. तिसऱ्या ‘का’साठी यंत्रणा नव्या पेशीत शिरतानाचे पहिले काही तास मोजायला हवेत, आधीच स्थिरावलेल्या पेशींत तो दिसणारच नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: दोन्ही पेपर उघडा आणि ‘प्रमाण सारखं, नियंत्रण वेगळं’ हा कंट्रोल कोणत्या आकृतीत, कोणत्या रूपात आहे ते शोधा. नियमनावरचा कुठलाही पेपर वाचताना हा एक कंट्रोल शोधायची सवय लावलीत, तर जर्नल क्लबमध्ये तुमचा प्रश्न वाया जाणार नाही.

बाहेरचा लगाम

प्रत्येक जिवाणूत असा घरचा लगाम नसतो. ई. कोलाय के-१२मध्ये क्रिस्पर यंत्रणा प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या परिस्थितीत एच-एनएस नावाच्या प्रथिनाखाली दबलेली असते. सेराशियामध्ये (२०१६) आणि सूडोमोनास एरुजिनोसामध्ये (२०१७) दिसलं की क्वोरम सेन्सिंग, म्हणजे आजूबाजूला किती भाऊबंद आहेत याचा अंदाज घेणारी रसायनांची भाषा, क्रिस्परची पातळी ठरवते. गर्दी वाढली की संरक्षण वाढतं. दिलेलं कारण: गर्दीत फेज झपाट्यानं पसरतो.

कारण पटण्यासारखं आहे, पण इथे ‘का’ सिद्ध करणं आणखी अवघड. क्वोरम सेन्सिंग शेकडो जनुकं हलवतं. गर्दी वाढली की अन्नही संपत आलेलं असतं, वाढ मंदावलेली असते. क्रिस्पर यातल्या नेमक्या कशाशी जोडलं गेलंय, हे फक्त क्वोरमचा म्युटंट करून कळत नाही. एच-एनएस किंवा क्वोरम हे यजमान पेशीचे जुने, सर्वसाधारण कारभारी आहेत. कॅस९चा लगाम खास त्याच्यासाठीच बनलेला आहे. दोन्हींना ‘नियमन’ हा एकच शब्द लावून रिव्ह्यूत एकाच तक्त्यात बसवलं की हा फरक पुसला जातो.

यानं कुणाचं काय अडतं?

फेज थेरपीवाल्यांचं अडतं. औषधं न जुमानणाऱ्या जिवाणूंवर फेज सोडायचा, आणि जिवाणूनं क्रिस्परनं तो मारू नये म्हणून फेजमध्ये अँटी-क्रिस्पर घालायचं, ही कल्पना सहज सुचते. पहिल्या ‘का’वर थांबलात तर यात काही खटकत नाही. दुसरा ‘का’ खरा असेल तर काही जिवाणूंत तुमचं अँटी-क्रिस्परच घंटा वाजवेल.

तर्कानं आणखी एक पाऊल पुढे जाता येतं. घंटा वाजते ती कॅस९ प्रमोटरवरून हटल्यामुळे. काही अँटी-क्रिस्पर, उदाहरणार्थ दुसऱ्या एका कॅस९ गटावर चालणारं अ‍ॅकर-आयआयसी१, कॅस९ला डीएनएवर बसू देतं, फक्त कापू देत नाही. तशा प्रकारचं प्रथिन इथे चाललं, तर हत्यार बोथट होईल पण पहारेकरी जागेवरच राहील. घंटा वाजू नये. हे माझं अनुमान आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण ते तपासता येण्याजोगं आहे, आणि ‘का’ नीट विचारल्याशिवाय ते सुचलंच नसतं.

तर मुलाखतीतल्या त्या प्रश्नाकडे पुन्हा या. "ऑटोइम्युनिटी टाळायला" एवढंच म्हणून थांबू नका. म्हणा, "सर, लगाम काढला की ऑटोइम्युनिटी वाढते हे दाखवलेलं आहे. पण लगाम त्याचसाठी टिकला का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला निदान तीन उत्तरं शक्य आहेत." मग तीन उत्तरं आणि एक प्रयोग सांगा. उत्तर थोडं लांबेल. लांबू द्या. पॅनेलला तुमचं पाठांतर पाहायचं नसतं. पुढची पाच वर्षं तुम्ही कसा विचार करणार, ते पाहायचं असतं.